येळवशीच्या दिवशी न झालेलं पंक्चर

नांदेडहून लातूरला आम्ही नवरा-बायको सायकलवर गेलो आणि सगळ्या वाटेत एकदाही पंक्चर झालं नाही. हे ज्याला सांगावं तो टाळी द्यायला हात पुढं करतो. या वयात, त्या रस्त्यावर, ऐन सराट्यांच्या दिवसांत, कमाल आहे मंगलताई तुमची, म्हणतो. मी टाळी देत नाही. ते टायर मीच निवडले, मीच बसवले, आणि आता अंगणात त्या सायकली दिसल्या की मला स्वतःचाच राग येतो.

का, ते आधीच सांगून टाकते. माझ्या नवऱ्याला, म्हणजे यांना, वाटेत आपल्या थोरल्या बहिणीच्या दारात उभं राहायचं होतं. आक्कांचं गाव चाकूरच्या अलीकडं. हमरस्त्याला लागूनच त्यांचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर. पण बहीण-भावाचं बोलणं बंद. आमच्या पल्लवीच्या लग्नात आत्याच्या मानाची साडी यांनी आपल्या हातानं द्यायची, तर लग्नघरच्या धावपळीत ती कुणा पाव्हण्याच्या हाती पाठवून दिली. आक्कांनी साडी खुर्चीवर ठेवली आणि न जेवता निघून गेल्या. त्याला आता कितीतरी दिवाळ्या झाल्या, तेवढ्याच भाऊबिजा कोरड्या गेल्या. त्या म्हणणार, त्यानं यावं. हे म्हणणार, तिनं बोलवावं.

आमच्याकडं अशा रुसव्यात जो आधी पाऊल टाकतो तो खालचा ठरतो आणि जन्मभर ते ऐकून घेतो. एकच पळवाट असते, ती म्हणजे वाटेत अडणं. गाडी बंद पडली, बैल बसला, तर माणूस कुणाच्याही दारात जाऊ शकतो आणि त्यात कुणी हरत नाही. माझ्या सासऱ्यांचं आणि त्यांच्या चुलतभावाचं असंच मिटलं होतं. बैलगाडीचा आस नेमका चुलतभावाच्या दारापुढं मोडला. तो कसा मोडला हे कुणी विचारलं नाही, कारण विचारायचं नसतं.

तर यांना पंक्चर पाहिजे होतं, त्या एका वळणावर आणि त्या एका दिवशी. मला हे लातूरला पोचल्यावर कळलं.

नांदेड

डॉक्टरांनी रक्तातली साखर वाढल्याचं सांगितलं तेव्हापासून आम्ही दोघं रोज सकाळी आसना नदीच्या पुलापर्यंत सायकल मारतो. हे वीज खात्यातून निवृत्त, मी शाळेतून. रस्त्याच्या कडेला सराटे पसरलेले. पावसाळ्यात हिरवे असतात तोवर गरीब वाटतात, हिवाळ्यात वाळले की खिळ्यासारखे. आठवड्याला एखादं पंक्चर ठरलेलंच. मला जन्मभर घंटेवर चालायची सवय, त्यामुळं रस्त्यात सायकल उलटी करून बसायचं म्हटलं की माझं डोकं फिरतं. हे मात्र निवांत. पंक्चर काढता काढता शेजारच्या टपरीवाल्याशी गप्पा मारतील, त्याच्या घरची खुशाली विचारतील, चहा सांगतील.

डिसेंबरात एक दिवस हे जेवताना म्हणाले, येळवशीला पल्लवीकडं जाऊ, सायकलीनं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या नांदेडात तिचं एवढं काही नसतं, पण लातूरकडं त्या दिवशी गावंच्या गावं शेतात जेवायला जातात. मला वाटलं, लेकीची आठवण आली असेल. मी म्हटलं, जाऊ की, पण या टायरांवर मी काही निघायची नाही.

वजिराबादेतल्या दुकानदारानं आमच्यापुढं सगळा बाजार मांडला. टायरच्या आत घालायची प्लास्टिकची पट्टी दाखवली. तिची कड ट्यूबला घासते आणि तीच भोक पाडते, हे मला सकाळी सायकलवर भेटणाऱ्या मैत्रिणीनं सांगितलेलं, म्हणून ती बाद. मग ट्यूबमध्ये सोडायचं हिरवं औषध. सराट्याचं भोक त्यानं आपोआप बुजतं म्हणे. पण भोक मोठं पडलं तर सगळा चिकट राडा होतो आणि त्यावर ठिगळ धरत नाही, हे दुकानदारानंच कबूल केलं. मग आतून भरीव, हवाच नसलेला टायर. तसले टायर घातलेली सायकल मी दुकानासमोर एक चक्कर चालवून पाहिली आणि माझ्या मणक्यांनी तिथंच नको म्हटलं. शेवटी त्यानं जाड टायर काढला. जमिनीला लागणाऱ्या रबराखाली हरभऱ्याच्या दाण्याएवढा जाड, लवचीक थर. काटा रबरातून गेला तरी त्या थरात अडकतो, ट्यूबपर्यंत पोचत नाही. वजनाला जड, चढाला दम काढणार, पण मला तोच पसंत पडला.

यांची कुरकुर सुरू झाली. साधेच घे, पंक्चर झालं तर काढू की, घाई कुठं आहे, असं दोनदा म्हणाले. मग दुकानदाराला विचारलं, याच्यानं पंक्चर होतच नाही का? तो म्हणाला, काका, लोखंडी खिळ्याचं मी सांगत नाही, पण काट्याचं नाव काढायचं नाही. ते ऐकून यांचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, चढाला जड जाईल म्हणून घाबरले. मी म्हटलं, तुम्हाला झेपलं नाही तर मी ढकलते. दुकानदार हसला, हे हसले नाहीत.

जुन्या टायरच्या अंगावरचा आकडा मी लिहून नेला होता. त्याच मापातला सगळ्यात रुंद टायर मडगार्डला घासला असता, म्हणून त्याहून एक माप अरुंद घेतला. एवढी मी हुशार.

बसवायचं काम आम्ही अंगणात काढलं. जुना टायर उतरवल्यावर दिसलं की चाकाच्या आतली पट्टी सरकलीय आणि तारांची टोकं उघडी पडलीत. निम्मी पंक्चरं तर त्यांनीच केली असणार. तिथं नवी कापडी पट्टी बसवली. ट्यूबला पावडर चोळली, गोल होण्याएवढी हवा भरली आणि आत घातली. टायरची एक कड सहज गेली. दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरून सुरू करून दोन्ही बाजूंनी आणली, तर शेवटची वीतभर काही केल्या जाईना. यांनी स्वयंपाकघरातून उलथनं आणलं. मी ते काढून घेतलं, कारण त्यानं ट्यूब चिमटते आणि नवा टायर घालायच्या आधीच पंक्चर. आता मला वाटतं, चिमटू द्यायला पाहिजे होती.

चाकाच्या मधोमध खोलगट पन्हळ असते. कड सगळीकडून दाबत दाबत त्या पन्हळीत ढकलली, भांड्याच्या साबणाचा फेस लावला, चार अंगठ्यांनी जोर केला आणि ती गेली बाई एकदाची आत. दोघं गार पाणी प्यालो. मग माझ्या लक्षात आलं की टायरवरचा बाण उलट्या दिशेला आहे. हे म्हणाले, राहू दे, चालतंय. मला कुठलं राहवतंय, सगळं उतरवून पुन्हा घातलं. सायकल तयार झाली तेव्हा मी इतकी खूश होते की संध्याकाळी शिरा केला, तोही बिनसाखरेचा.

लोहा, माळाकोळी, अहमदपूर

हमरस्ता मोठा झालाय, कडेला पांढरी पट्टी आहे, तिच्या आतून चालवलं की ट्रकवाले त्रास देत नाहीत. दोन्ही बाजूंना हरभरा आणि तूर. तुरीच्या शेंगा वाळायला आलेल्या, वारा आला की खुळखुळ वाजायच्या. लोह्याच्या चढाला टायरांनी आपला जडपणा दाखवला. मी तोंडानं काही बोलले नाही, पण पोटऱ्या बोलून राहिल्या होत्या. हे मागं वळून म्हणाले, ढकलू का?

लोह्याला चहाच्या हॉटेलवाल्यानं विचारलं, कशाचा प्रचार करून राहिलात? साठीतली बाई सलवार-कमीज घालून, डोक्याला टोपी घालून सायकलवर म्हणजे काहीतरी प्रचार असणारच. मी म्हटलं, कशाचाच नाही, लेकीकडं चाललो. तो म्हणाला, मग जावई गाडी पाठवत न्हाई व्हय? त्याच्या मते दोष जावयाचा होता आणि ते त्यानं शेजारच्या बाकड्यावरच्या दोघांनाही समजावून सांगितलं.

रात्रीचा मुक्काम लोह्याला माझ्या जुन्या सहकारी बाईंकडं होता. दुसऱ्या दिवशी माळाकोळीच्या पुढं माझ्या पुढच्या टायरात बाभळीचा काटा दिसला, चांगला बोटाएवढा. मी ओढून काढला, कान लावून ऐकलं, फुस्स नाही की काही नाही. मी आनंदानं यांना तो दाखवला. यांनी तो हातात घेतला, टोकाला बोट लावून बघितलं आणि खिशात ठेवला. मी विचारलं, कशाला ठेवता, तर म्हणाले, असू दे.

अहमदपूरला सकाळी सुशीला खाल्ली. भिजवलेल्या चुरमुऱ्यांची ही लातुरी फोडणी आमच्याकडंही मिळते, पण इथं तिच्यावर शेंगदाण्याचं कूट असं पडतं की चुरमुरे शोधावे लागतात. मी आणखी एक बशी मागवली. यांनी पहिलीच अर्धी ठेवली.

येळवस

त्या दिवशी अहमदपूरच्या पुढं रस्ता वेगळाच दिसायला लागला. दुकानांना कुलपं, आणि टेंपोत, ट्रॅक्टरात, बैलगाडीत बायका-पोरं आणि डोक्यावर टोपल्या. शेताशेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोपी, म्हणजे छोट्या खोपी, केलेल्या. कोपीत पूजा, बाहेर पंगत. बांधाबांधावरून हाका. आमच्या नांदेडात अनोळखी माणसाला पाणी देतात, ते चांगलंच आहे. पण इथं त्या दिवशी रस्त्यानं जाणारा माणूस जेवल्याशिवाय सोडत नाहीत. न बोलावता गेलं तरी चालतं, कारण सगळ्यांनाच बोलावलेलं असतं.

शिरूर ताजबंदच्या पुढं एका शेतातल्या आजोबांनी आमच्या सायकलींपुढं हातच आडवा केला. "आंबील तरी पिऊन जावा, कुठून आलाव?" आम्ही बसलो. सगळ्या शेंगा, दाणे आणि भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातलं गार आंबील. त्या भज्जीचं मी काय सांगू. मी दोनदा मागून घेतली आणि तिसऱ्यांदा त्यांनी न विचारता वाढली. घरच्या बाईंनी मला सुनेसारखं जवळ बसवलं, आंबिलाला ज्वारीचं पीठ कधी लावायचं ते सांगितलं. यांनी मात्र एक उंडा घेतला आणि हात धुतला. त्या बाई आग्रह करून थकल्या. हे म्हणाले, पुढं जायचंय, पोट जड नको.

मला तेव्हा वाटलं, पथ्य पाळतायत, आणि कौतुकही वाटलं. आता कळतं की ती जागा यांनी बहिणीच्या ताटासाठी ठेवली होती.

वळण

आक्कांचं गाव जवळ आलं तसे हे मागं पडले. मी म्हटलं, तेवढा भाग चटकन पार करावा, उगाच यांना त्रास नको. कोरड्या नाल्यावरचा पूल गेला, चिंचेचं झाड आलं. झाडाच्या पलीकडं तो वळणाचा छोटा कच्चा रस्ता आणि त्याच्या टोकाला, हाकेच्या अंतरावर, आखाडा. मी मागं वळून पाहिलं तर हे थांबले होते. मागच्या चाकापाशी वाकलेले.

मी सायकल फिरवून आले. टायर पार बसलेला होता. हे म्हणाले, "पंक्चर झालं वाटतं."

मी म्हटलं, शक्यच नाही. चाक फिरवून सगळीकडून हात लावला, काटा नाही, चीर नाही. व्हॉल्व्हला हात लावला तर तो सैल. मी म्हटलं, बघा, पंक्चर नाहीच, व्हॉल्व्ह सैल राहिलाय. हे म्हणाले, असेल, पण एकदा नीट बघायला पाहिजे, कुठंतरी घमेलं-पाणी मिळालं तर ट्यूब बुडवून बघू. मी म्हटलं, काही गरज नाही, माझा पंप कशासाठी आहे.

मी आखाड्याकडं पाठ करून बसले आणि पंप मारायला लागले. आक्कांच्या दारात, येळवशीच्या गर्दीत, त्यांच्या पाव्हण्यारावळ्यांसमोर हे असे अडकून उभे राहिलेत, याची मलाच लाज वाटत होती. यांच्या जिवाला काय होत असेल, या विचारानं मी जोरजोरात पंप मारला. अंगठ्यानं दाबून पाहिलं, टायर दगडासारखा झाला. मी म्हटलं, चला, झालं, कुणी बघायच्या आत निघू.

हे शेताकडं तोंड करून उभे होते. मग सायकलवर बसले आणि माझ्यामागून निघाले. संध्याकाळी चाकूरला पोचेपर्यंत हे मागंच होते. मला वाटलं, दमलेत.

लातूर

लातुरात पल्लवीचं घर शिकवणीच्या वर्गांच्या भागात. एरवी तिथं पाठीवर दप्तरं घेतलेल्या मुलांमुळं सायकल पुढं सरकत नाही. आम्ही येळवशीच्या दुसऱ्या दिवशी पोचलो तर अर्धी दुकानं अजून उघडायची होती. जावयांनी टायर दाबून पाहिले, त्यांची तारीफ केली. मी तर दुकानाचा पत्ताही सांगितला.

पल्लवीनं चहा दिला आणि विचारलं, आई, तुम्ही आत्याच्या दारात थांबून तसेच निघून गेलात का? आक्कांच्या मोठ्या मुलाचा तिला फोन आला होता. मामा दारापर्यंत आले, सगळ्यांनी बघितलं, आणि पाठ दाखवून गेले. दहा माणसं जेवायला बसली होती, आईला तोंड लपवायला जागा उरली नाही. आधी आईचा रुसवा होता, आता तिला खरंच लागलंय, असं तो म्हणाला होता.

मी भडकले. म्हटलं, यात यांचा काय दोष, टायरातली हवा गेली होती. तेव्हा हे हळूच म्हणाले, "हवा मी सोडली होती."

मग सगळं बाहेर आलं. सायकलीनं जायचं का ठरवलं, येळवशीचाच दिवस का धरला, साधे टायर का पाहिजे होते. तो बाभळीचा काटा यांनी चिंचेच्या झाडाखाली टायरात घालून बघितला होता. तो थरात मोडला. म्हणून व्हॉल्व्ह सैल केला. मी विचारलं, मला सांगायचं तरी ना. हे म्हणाले, सांगितलं असतं तर मग ते अडणं कसलं, ते ठरवून जाणं झालं असतं. मी विचारलं, पाणी प्यायला म्हणून गेला असतात. हे म्हणाले, बाटल्या भरलेल्या होत्या, तूच भरल्या होत्यास.

मी म्हटलं, परत त्याच रस्त्यानं जाऊ, उद्याच. यांनी मान हलवली नाही. दहा माणसांत तिची अशी शोभा झाल्यावर आता कुठल्या तोंडानं जायचं, म्हणाले. जावयांच्या ओळखीच्या टेंपोत सायकली टाकून आम्ही नांदेडला आलो. चालकानंही टायरांचं कौतुक केलं.

आक्कांचा आखाडा

संक्रांतीला बाईमाणसाला कुठंही जायला कारण लागत नाही. तिळगूळ आणि वाण घेऊन मी एकटी एसटीनं निघाले. यांना सांगितलं, त्यांनी ऐकलं, जा म्हणाले नाहीत की नको म्हणाले नाहीत.

आक्कांनी मला बघून डोक्यावरचा पदर सारखा केला. पाय धुवायला पाणी दिलं, बाज टाकली, चहा झाला, मग जेवायला वाढलं. भावजयीचा जो मान असतो तो कुठं कमी केला नाही. कोप काढून टाकली होती, तिथं नुसती कडब्याची रास होती. आक्का म्हणाल्या, पोरं नोकरीला लागली, पुढल्या सालापासून शेत बटईनं दुसऱ्याला कसायला देणार, मग कुणाची येळवस अन् कुणाचं काय. ही शेवटचीच होती.

मग मी सगळं सांगितलं. टायर मी घेतले, कसे घेतले, यांना कुठले पाहिजे होते, काटा कसा मोडला, हवा कुणी सोडली, आणि मी पाठ करून पंप कसा मारला. त्या शेंगा सोलत ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मंगल, पंक्चर कशाला पायजे गं? मी काय टायर बघून वाढणार होते का?"

मीही चार शेंगा सोलायला घेतल्या. मग त्याच म्हणाल्या, "तांब्या भरून बांधावर उभी होते मी. हाक तोंडात आली होती. म्हटलं, हवा भरून झाली की येतील."

मी मोबाइल पुढं केला. म्हटलं, आक्का, आत्ता बोला, मी लावून देते. त्यांनी मोबाइलकडं बघितलंसुद्धा नाही. मी विचारलं, मग यांना काय सांगू. म्हणाल्या, काही सांगू नको, सांगायचं असतं तर मी तवाच हाक मारली असती. त्यांनी माझी ओटी भरली, खण दिला, एसटीपर्यंत सोडायला आल्या. शेंगांची पिशवी दिली ती माझ्यासाठी, असं स्पष्ट सांगून दिली.

घरी आले तेव्हा दिवस मावळायचा होता आणि हे अंगणात खुर्ची टाकून बसले होते. यांनी आधी विचारलं, जेवलीस का तिथं. मग विचारलं, तब्येत कशी आहे तिची. मी एकेक सांगत गेले, शेत बटईनं द्यायचं ठरलंय तेही सांगितलं. शेवटी म्हटलं, अहो, त्या दिवशी आक्का पाण्याचा तांब्या घेऊन बांधावर उभ्या होत्या, तुमची वाट बघत.

"मला दिसली होती," हे म्हणाले.

मी म्हटलं, दिसली होती तर मग गेला का नाहीत.

"तू हवा भरून दिली होतीस," हे म्हणाले. "भरल्या टायरानं काय म्हणून जाणार होतो?"